चिठ्ठी नंबर दोन

वर्गाचं दार लोटलेलं होतं. बाहेर व्हरांड्यात आठवीतली एक मुलगी आणि एक मुलगा बसले होते, आणि त्यांच्यामध्ये स्टुलावर माझा लॅपटॉप, त्यात विचारलेल्याला लिहून उत्तर देणारं एआयचं यंत्र. वर्गातल्यांनी प्रश्न लिहून बाहेर पाठवायचा, बाहेरून तीन चिठ्ठ्या आत यायच्या. त्यांतल्या दोन माणसांच्या आणि एक यंत्राची. अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून तिन्ही उत्तरं नववीतली एक मुलगी उतरवून देत होती. यंत्राला मी एवढंच सांगून ठेवलं होतं की तू सांगलीच्या शाळेत आठवीत आहेस, दोन वाक्यांत उत्तर दे.

पहिला प्रश्न गेला, ‘काल डब्यात काय होतं?’

चिठ्ठी नंबर एक : ‘काल डबा घरीच राहिला. मैत्रिणीच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.’

चिठ्ठी नंबर दोन : ‘काल माझ्या डब्यात पोळी-भाजी होती. संतुलित आहार आरोग्यासाठी महत्त्वाचा असतो.’

चिठ्ठी नंबर तीन : ‘काल आईने मेथीची भाजी दिली होती. मला मेथी फारशी आवडत नाही, पण संपवली.’

वर्गात कुजबुज सुरू झाली. दुसरा प्रश्न, ‘पाऊस आला की काय वाटतं?’ एक नंबरने लिहिलं की दप्तर भिजतं आणि बाबांची गाडी चालू होत नाही. तीन नंबरला मातीचा वास आणि भजी आठवली. दोन नंबरने लिहिलं, ‘पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे. पावसात सृष्टी हिरवा शालू नेसते.’

मग कुणी तिसऱ्या प्रश्नाची वाटच बघितली नाही. सगळा वर्ग ओरडला, ‘दोन नंबर मशीन!’

दार उघडलं आणि दोन नंबरची चिठ्ठी हातात घेऊन तो मुलगा आत आला. वर्ग पोट धरून हसला. तोही आधी हसला, मग हसायचा थांबला. तास संपल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, ‘बाई, मी खरंच मनापासून लिहिलेलं. सहामाहीला ह्याच वाक्याला तुम्ही छान म्हणून लिहिलेलं.’

खरं होतं. हिरव्या शालूखाली लाल शाईने ‘छान!’ मीच लिहिलं होतं. नुसत्या त्याच्याच नव्हे, वीस वर्षांत किती वह्यांवर लिहिलं असेल, त्याची मोजदाद नाही.

त्या दिवसापासून हा खेळ माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मी मराठी शिकवते, आणि गेली काही वर्षं आठवड्यातला एक तास नाट्यखेळांसाठी राखून ठेवते. त्या तासात यंत्राला बोलवायचं ठरवलं, तेव्हा माझा हेतू साधा होता. मुलं घरी मोबाईलवर याच्याकडून निबंध लिहून घेतात हे दिसत होतं. ओरडून ते थांबणार नव्हतं. म्हटलं, हे जे काही आहे ते उघड्यावर आणू, त्याच्याशी खेळू, म्हणजे ते कसं चालतं हे तरी कळेल. पहिल्याच खेळात यंत्राच्या आधी माझं शिकवणं उघडं पडेल असं वाटलं नव्हतं.

हा खेळ माझ्या डोक्यातला नव्हे. १९५० साली ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने ‘यंत्रं विचार करू शकतात का’ हा प्रश्न हाती घेतला, आणि विचार म्हणजे काय याची व्याख्या करत बसण्याऐवजी त्याने एक घरगुती खेळ पुढे ठेवला. एका खोलीत पुरुष आणि बाई, दुसऱ्या खोलीत प्रश्न विचारणारा. त्याने नुसत्या टाइप केलेल्या उत्तरांवरून कोण कोण ते ओळखायचं. ट्युरिंग म्हणाला, आता या दोघांपैकी एकाच्या जागी यंत्र बसवलं तर? ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ म्हणजे एआय हे नावसुद्धा त्यानंतर पाच वर्षांनी, १९५५ साली, सुचवलं गेलं. यंत्राच्या बुद्धीची गोष्ट सोंग आणि ओळख यांच्या खेळातून सुरू झाली, हे नाटकावर जीव असलेल्या माझ्यासारखीला फार महत्त्वाचं वाटतं.

पुढचा धागा तर आपल्या अंगणातच येतो. १९६६ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी माणसाशी लिहून गप्पा मारणारा एक प्रोग्रॅम तयार केला आणि त्याला नाव दिलं एलायझा. हे नाव जॉर्ज बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या इंग्रजी नाटकातल्या फुलं विकणाऱ्या मुलीचं. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आणलं आणि भक्ती बर्व्यांची मंजुळा घराघरांत पोचली. म्हणजे गप्पा मारणाऱ्या यंत्रांची ही थोरली बहीण नात्याने आपल्या मंजुळेचीच कुणीतरी लागते. ती एलायझा फार काही करत नव्हती. तुमचंच वाक्य उलटं फिरवून प्रश्न करायची. ‘मला आईची आठवण येते’ म्हटलं की ‘आईबद्दल आणखी सांगा’, अशा धर्तीवर. तरी लोक तिच्यापाशी मन मोकळं करू लागले. वायझेनबॉम यांच्या स्वतःच्या सेक्रेटरीने तिच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. ते बघून ते इतके अस्वस्थ झाले की पुढे आयुष्यभर याबद्दल बजावत राहिले.

नाटकात त्या फुलवालीला एक प्रोफेसर कसं बोलायचं ते शिकवतो. तिला काय बोलायचं आहे, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. मला त्या मुलाची चिठ्ठी आठवली.

आपल्या सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. १८४२ साली कर्नाटकातली भागवत मंडळी इथे खेळ करून गेली. ते पाहून सांगलीचे त्या वेळचे राजे श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसं, पण अधिक सुधारलेलं काहीतरी करायला सांगितलं, आणि १८४३ साली राजवाड्यात ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग झाला. त्याची आठवण म्हणून आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. शाळेत तसबिरीला हार घालतो, दोन भाषणं होतात. एक गोष्ट मात्र त्या भाषणांत मी कधी ऐकली नाही. भाव्यांच्या नाटकांत पात्रांचे संवाद लिहिलेले नसत. पदं सूत्रधार आणि त्याचे साथीदार म्हणत, आणि पात्रांनी प्रसंग ओळखून आयत्या वेळी आपल्या तोंडचं बोलायचं. राक्षसाने आरडाओरडा करत यायचं, देवाने देवासारखं उत्तर द्यायचं, पण शब्द ज्याचे त्याने आणायचे. छापलेले संवाद पाठ करून नाटक करायची रीत नंतर आली.

आणि आम्ही त्याच गावात स्नेहसंमेलनासाठी महिना-दीड महिना मुलांकडून संवाद घोटून घेतो. विंगेत प्रॉम्प्टर उभा करतो. पोरगं अडखळलं की आतून पुढचा शब्द येतो.

पुढचा शब्द येतो. मोबाईलमधलं हे यंत्रही तेच तर करतं. मुलांना हे फळ्यावर समजावून सांगायचा मी एकदा प्रयत्न केला, कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग गोल करून उभं केलं आणि नाट्यशिबिरांतला जुना खेळ घेतला. प्रत्येकाने एकच शब्द बोलायचा आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची. नियम असा की मनात पहिला जो शब्द येईल, सगळ्यांना जो येईल असं वाटतं, तोच बोलायचा. मी म्हटलं ‘एक’. पुढचा ‘होता’. पुढचा ‘राजा’. गोष्ट धडाधड पळाली. राजाला राणी मिळाली, राणीला राजवाडा मिळाला, आणि कुणालाच काही झालं नाही. मग मी म्हटलं, ‘चिऊताई चिऊताई दार...’ आणि अख्खा वर्ग एका सुरात, ‘उघड!’ ‘थांब, माझ्या बाळाला...’ इथे फाटे फुटले. कुणी अंघोळ घातली, कुणी काजळ, कुणी टोपडं. ज्याने त्याने आपल्या घरी जसं ऐकलं तसं.

‘बाई, म्हणजे मोबाईलने लई गोष्टी ऐकल्यात, म्हणून त्याला पुढचं येतंय?’ मागच्या बाकावरून प्रश्न आला. यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. ढीगभर मजकूर वाचून, कुठल्या शब्दामागे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, हे त्याने हिशेबाने बसवलेलं असतं. त्या शक्यतेचा आणि खरेपणाचा काही संबंध असेलच असं नाही. लगेच दाखलाही मिळाला. एका मुलीने परिसर-अभ्यासासाठी मोबाईलवर विचारून सांगलीजवळच्या हरिपूरची माहिती लिहून आणली होती. भाषा अगदी गुळगुळीत, आणि मधोमध वाक्य : हरिपूर येथे कृष्णा आणि कोयना या नद्यांचा संगम होतो. वर्गातली निम्मी मुलं संगमावर पोहून आलेली. ‘कोयना? ती कऱ्हाडला!’ आपल्या संगमावर कृष्णेला वारणा भेटते हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पण यंत्र का चुकलं असेल, हेही त्यांनीच काढलं. ‘संगम म्हटलं की सगळे कऱ्हाडचंच लिहीत असणार, बाई. प्रीतिसंगम फेमस आहे.’ आमच्या गोलात ‘एक’ म्हटल्यावर ‘होता राजा’ आलं, तसंच तिथे झालं असणार.

हे अंगाने खेळून कळलेलं मुलं विसरत नाहीत. आता कुणी साचेबंद वाक्य लिहून आणलं की शेजारचा हळूच म्हणतो, ‘होता राजा.’

शेवटी मी या सगळ्याची जी घडी बसवली आहे ती अशी, की यंत्र खेळात पात्र म्हणून येतं. सूत्रधार होत नाही. विषय त्याने द्यायचा नाही, चांगलं-वाईट त्याने ठरवायचं नाही, प्रसंग कुठे थांबवायचा हेही त्याच्या हाती नाही. लॅपटॉप एकच, माझा. मुलांची नावं, पत्ते, फोटो त्यात जात नाहीत. आपल्या देशात २०२३ साली झालेल्या डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायला सांगितलं आहे. पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. सहकारी विचारतात, पोर्शन कधी संपवता? संपतो. आठवड्यातला एक तास जातो, आणि धडा वाचताना तो परत मिळतो. पालक मात्र एकदा घरूनच ठरवून आले होते. ‘पोरांना नाटकं शिकवू नका, बाई.’ आपल्याकडे ‘नाटकं करू नको’ म्हणजे ‘खोटं वागू नको’. नाट्यपंढरीतसुद्धा. मी त्यांना चहा दिला आणि पुढच्या तासाला मागे खुर्ची टाकून बसवलं. त्या तासाबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

नाट्यखेळांच्या जगात व्हायोला स्पोलिन हे मोठं नाव आहे. शिकागोत गरीब वस्तीतल्या, परदेशांतून येऊन राहिलेल्या कुटुंबांच्या मुलांबरोबर काम करता करता त्यांनी हे खेळ रचले, आणि १९६३ साली ते पुस्तकरूपाने आले. त्यांची तीन शब्दांची चावी मी रोज वापरते : कोण, कुठे, काय. कोण आहोत, कुठे आहोत, काय करतो आहोत. एवढं ठरलं की बोलणं आपोआप येतं. त्या दिवशी मुलांनी स्वतःच ठरवलं. कुठे : कृष्णाकाठचं घर. केव्हा : २०१९ चा ऑगस्ट. कोण : म्हातारी आजी आणि तिला न्यायला आलेला बोटीवरचा माणूस. काय : आजी घर सोडत नाही.

सांगलीत २०१९ चा पूर काय होता ते सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटाला इशारा आणि पंचेचाळीसला धोका असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आज आठवीत असलेली ही मुलं तेव्हा दुसरीत होती.

आधी यंत्राला आजी केलं. बोटवाला म्हणाला, ‘आज्जी, चला, पाणी वाढतंय.’ पडद्यावर उत्तर उमटलं : ‘बाळा, माझं या घरावर खूप प्रेम आहे. इथे माझ्या आठवणी आहेत. पण तू म्हणतोस ते बरोबर आहे. जीव महत्त्वाचा. चल, मी येते.’

वर्ग गप्प. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘बाई, ही आज्जी लगेच ऐकायला लागली. आमची आज्जी अजिबात ऐकली नव्हती.’

‘मग हिला काय माहीत नाही?’ मी विचारलं.

मुलं भराभर सांगू लागली आणि मी टाइप करत गेले. आजीची म्हैस गाभण आहे. म्हशीला बोटीत घेत नाहीत. २००५ च्या पुरात पाणी उंबऱ्याला लागून माघारी गेलं होतं, भिंतीवर त्याची खूण आहे, म्हणून आजीला खात्री आहे की त्याच्या वर येणार नाही. ती कुणाचं पटकन ऐकत नाही. ती रडत नाही, चिडते. एवढं सांगितल्यावर पडद्यावरची आजी पुष्कळ सुधारली. दोनदा नाही म्हणाली, खुणेचंही बोलली. तिसऱ्यांदा मात्र पुन्हा ‘तुझं म्हणणं पटलं’. हे यंत्र समोरच्याला राजी ठेवण्याकडे ओढ घेतं. त्याची घडणच बरीचशी तशी झालेली असते. गणित समजावून घ्यायला ते सोयीचं असेल, पण प्रसंग उभा राहायला दोघांपैकी एकाने तरी अडून बसावं लागतं.

मला त्या वेळी खुणेपाशी थांबावंसं वाटलं. आजीचा हट्ट वेडेपणाचा नव्हता. तिच्याजवळ जेवढा अनुभव होता त्यात सगळ्यात मोठा पूर २००५ चा, आणि त्यावरून तिने अंदाज बांधला. नदीकाठची किती शहाणी माणसं त्या वर्षी याच हिशेबाने घरात थांबली. मी म्हटलं, ‘यंत्रही असंच मागचं बघून पुढचं सांगतं. मागे जे कधी झालंच नाही, ते समोर आलं तर?’ उत्तर कुणी दिलं नाही. मागे खुर्चीवर बसलेले पालक मांडी बदलून पुढे सरकले.

मग लॅपटॉप मिटला. ‘आमची आज्जी’ म्हणणारी मुलगी पुढे आली आणि जमिनीवर बसली. तिने ओढणी डोक्यावरून घेतली, एक गुडघा उभा केला आणि एका हाताने हवेतलं काहीतरी घट्ट धरलं. ते दावं आहे हे सगळ्यांना कळलं. बोटवाला कोण होणार विचारलं, तेव्हा दोन नंबरच्या चिठ्ठीवाल्या मुलाने हात वर केला. मी त्याला घेताना जरा बिचकलेच.

तो म्हणाला, ‘आजी, पुराचं पाणी धोकादायक असतं. प्रशासनाने सूचना दिल्या आहेत. आपण सुरक्षित स्थळी जाऊया.’

‘तू जा की मग.’

वर्ग हसला. तो थांबला. पुन्हा म्हणाला, ‘तिथे जेवणाची, औषधांची सोय आहे.’

‘मला काय झालंय औषध घ्यायला? पाच सालाला बी आलतं पाणी. त्या तिथवर. बघ खूण. माघारी गेलं.’ तिने भिंतीकडे बोट केलं, आणि सगळ्यांनी खरोखर भिंतीकडे पाहिलं.

त्याच्याकडचे शब्द संपले. मला ते दिसत होतं. विंगेतून एखादा शब्द सरकवायची माझी वीस वर्षांची सवय जिभेवर आली होती, ती मी गिळली. वर्गातूनही कुणी काही सुचवलं नाही. तो नुसता उभा होता. मग हळूच तिच्यासमोर उकिडवा बसला, तिच्या मुठीतल्या त्या नसलेल्या दाव्याकडे बघत राहिला, आणि त्याने विचारलं, ‘म्हशीचं नाव काय?’

ती आजी दचकली. मुलगी नव्हे, आजी. तिने पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघितलं.

‘चांदी,’ ती म्हणाली. ‘कपाळावर पांढरा ठिपका हाय.’

‘कितवा महिना?’

‘आठवा.’ आणि मग मूठ थोडी सैल करत, ‘आधी तिला वर घालून ये. त्या टेकाडावर. दावं सोडायला लागलास की अंगावरनं हात फिरव, न्हाईतर बुजती. मग मी बघते.’